शेरा : अनु.

माझं नाव मला रजिस्टरात सापडलं तेव्हा मी त्याच्यापुढे गैरहजेरीची फुली मारून मोकळीही झाले होते. म्हणजे आधी फुली आणि मग नाव. गेले तीन दिवस हाच क्रम चालला होता. नजर थेट शेऱ्याच्या रकान्यात जायची, तिथे ‘अनु.’ दिसलं की माझ्या तक्त्यात पेन्सिलीनं फुली पडायची, आणि नावाकडे लक्ष गेलं तर गेलं. वादविवादाच्या रजिस्टरातली एकेचाळिसावी फुली मारली आणि सहज डावीकडे पाहिलं, तर माहेरचं आडनाव, त्याच्यामागे मी, द्वितीय वर्ष, तुकडी ब. वादविवाद मंडळ, अंतिम फेरी. शेरा: अनु. मी पेन्सिल खाली ठेवली. मग उचलली. मग पुन्हा ठेवली. पंखा फिरत होता, पलीकडच्या टेबलावर सावकाशराव जेवणानंतरचा डबा धुऊन पालथा घालत होते, आणि मला एवढंच वाटत होतं की कोणीतरी चुकून माझ्या खुर्चीवर दुसरीलाच बसवलंय.

मी याच विद्यापीठात शिकले आणि पुढे याच विद्यापीठाला चिकटले. विद्यार्थी कल्याण विभागात एकवीस वर्षं झाली. सोमवारी पाहणी समिती येणार, तिला विद्यार्थिनींचा अभ्यासेतर उपक्रमांतला सहभाग हवा, तोही मागच्या तीस वर्षांचा. मुलींचा तक्ता माझ्याकडे, मुलांचा सावकाशरावांकडे. साहेबांनी बजावून सांगितलं होतं, नुसतं नाव दिलेल्या मोजू नका, प्रत्यक्ष आलेल्या मोजा; आणि शुक्रवारी पाचला आकडा हातात द्या. आज शुक्रवार. जुनी रजिस्टरं ज्या कारकुनांनी लिहिली त्यांना सगळे टिंबकाका म्हणत, कारण त्यांनी उभ्या हयातीत एकही शब्द पुरा लिहिला नाही. अर्धा शब्द, पुढे टिंब. ‘उप.’ म्हणजे उपस्थित, ‘रजा’सुद्धा ‘र.’, आणि सही म्हणजे एक अक्षर आणि एक टिंब. ते आता विचारपूस करण्याच्या पलीकडे गेले आहेत. मी पहिल्यांदा गिर्यारोहणाचं रजिस्टर घेतलं, तिथे ‘अनु.’ म्हणजे अनुपस्थित, त्यात शंका नव्हती. मग बुद्धिबळ, मग समूहगान, मग नाट्यमंडळ. हात बसला. आता मी स्वतःला अनुपस्थित ठरवून बसले होते, आणि माझी तर खात्री होती की मी तिथे होते.

होते म्हणजे काय, उभी होते. व्यासपीठाची डावी फळी पायाखाली किंचित दबायची, ती मला अजून तळपायात जाणवते. ध्वनिक्षेपकाच्या जाळीला आधीच्या वक्त्यांच्या श्वासाचा वास होता, भिजलेल्या पितळेसारखा. तिसऱ्या रांगेत एक गृहस्थ किल्लीनं कान कोरत होते. वेळ सांगणाऱ्या मुलीच्या हाताखाली छोटी घंटा होती आणि तिच्या नखाला शाई लागली होती. इतकं सगळं आहे, आणि तरी आज पहिल्यांदा लक्षात आलं की त्यात माझा आवाज नाही. ओठ हलताहेत, लोक पाहताहेत, पण ऐकू काही येत नाही. मी डोळे मिटून पुन्हा प्रयत्न केला. फळी, जाळी, किल्ली, घंटा. आवाज नाही. इतकी वर्षं मी ही आठवण काढते आहे आणि एकदाही मला प्रश्न पडला नाही की बाई, तू बोलत काय होतीस? घरी कपाटाच्या आरशासमोर मी ते भाषण शंभरदा तरी म्हटलं असेल. आरशातली मी मला ऐकू येते, आई आतून ‘हळू बोल’ म्हणते तेही येतं. सभागृहातली मी मात्र मुकी. आणि त्या सभागृहात मी आदल्या दिवशी रंगीत तालमीलाही गेले होते. फळी तेव्हाही दबली असणार.

शिवाय त्याच संध्याकाळची दुसरी एक आठवण माझ्यापाशी होती, जी मी कधी पुढे घेत नसे. मी इस्त्रीचे कपडे घालून बसले आहे, मांडीवर पिशवी, पिशवीत भाषणाचे कागद. समोर दादाची पाठ. सायकलच्या साखळीला घातलेल्या तेलाचा वास. आम्ही दोघंही बोलत नाही. बाबांच्या मागे घराचा कारभार दादाकडे आला तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता आणि त्याला वाटे की कारभार म्हणजे वेळेवर दारं लावणं. साडेसहाच्या आत घरात, हा नियम. अंतिम फेरी पाचला सुरू होणार होती, म्हणजे सहाला. मी अनुमोदक, आणि अनुमोदक शेवटी बोलतो, म्हणजे सात. हिशेब मला तेव्हाही येत होता. ही आठवण मी आतापर्यंत कुठल्यातरी दुसऱ्याच दिवशी टाकून दिली होती; पण रजिस्टरनं ती आज ओढून त्या तारखेला आणून बसवली. दार, दादाची पाठ, मांडीवर पिशवी. मी गेलेच नाही. घरी बसून राहिले आणि मग सव्वीस वर्षं गेले म्हणत राहिले. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. इथे मला माझ्याच आयुष्यातली संध्याकाळ बघायला टिंबकाकांचं रजिस्टर लागत होतं.

खोटं बोलणं मला जमत नाही अशी माझी घरात ख्याती आहे. लग्न ठरताना सासूबाईंनी विचारलं, काही आवड वगैरे? मी म्हटलं, वादविवाद. त्या म्हणाल्या, म्हणजे घरी भांडायला माणूस आणतोय आम्ही, आणि सगळे हसले. तेव्हा मी पहिल्यांदा अंतिम फेरीत बोलल्याची ती गोष्ट सांगितली, भीतभीत. पुढे लेक झाली. ती शाळेत स्टेजवर रडली त्या दिवशी तिला सांगितली. नंतर ती जेव्हा जेव्हा घाबरली तेव्हा तेव्हा सांगितली, आणि दर वेळी टाळ्या थोड्या वाढत गेल्या. ‘मग पुढे का नाही गं गेलीस?’ असं ती विचारायची. ‘परीक्षा आल्या,’ मी म्हणायची. आता ती याच विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे, आणि उद्या त्याच सभागृहात, अंतिम फेरीत बोलणार आहे. तिचं भाषण सुरू होतं ते असं: ‘सव्वीस वर्षांपूर्वी याच व्यासपीठावर माझी आई उभी होती, म्हणून आज मी उभी आहे.’ मी ते वाक्य ऐकलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. आता तेच वाक्य नकोसं झालं. पोर चारशे माणसांपुढे शपथेवर खोटं बोलणार, आणि तिला ठाऊकही नसणार. विद्यापीठाचा पुरावा माझ्यासमोर उघडा पडलेला, आणि त्यावर फुली माझ्याच हातची.

‘बाई, तब्येत बरी आहे ना?’ सावकाशराव म्हणाले. त्यांचं खरं नाव पगाराच्या यादीत आहे. पण कोणी काहीही विचारलं की ते ‘सावकाश’ म्हणतात, म्हणून सावकाशराव. पुढच्या महिन्यात निवृत्त होतात. मी रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं आणि नावावर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं. ‘अरे वा,’ ते म्हणाले, ‘तुम्ही अनुमोदक होतात? कधी बोलला नाहीत.’

‘अनुपस्थित,’ मी म्हटलं.

‘कोण?’

‘मी. अनु. म्हणजे अनुपस्थित.’

‘छे हो. वादविवादात अनु. म्हणजे अनुमोदक. सूचकाला सूच., अनुमोदकाला अनु. मी तर मुलांचे सगळे तसेच धरलेत. त्रेसष्ट निघाले.’ मग त्यांनी माझा तक्ता जवळ ओढला, त्यावरच्या फुल्या पाहिल्या आणि खुर्चीत मागे टेकले. ‘तुम्ही ध चा मा केलात की.’

‘मग गैरहजर मुलांना टिंबकाका काय लिहीत?’

ते विचारात पडले. ‘तेही अनु.च लिहीत असणार,’ ते सावकाश म्हणाले. ‘पण मुलगा अंतिम फेरीत नाव देईल आणि येणार नाही, असं कसं होईल?’

ते अगदी साधेपणानं म्हणाले, आणि त्यांचा राग यावा असं त्यात काही नव्हतं. राग मला दुसऱ्याच कोणाचा तरी येत होता. त्रेसष्ट पोरांपुढे अनु. वाचलं तेव्हा त्यांना वाटलं, आला असणार आणि बोलला असणार. एकेचाळीस पोरींपुढे अनु. वाचलं तेव्हा मला वाटलं, नाही आली. घरी उशीर होत असेल. कोणीतरी नको म्हटलं असेल. इस्त्रीचे कपडे घालून बसून राहिली असेल. मला शंकासुद्धा आली नाही. आणि मी कोण, तर स्वतः अनुमोदक! सूच.चा अर्थ मला बरोबर कळला, त्यांना मी हजर धरलं. माझ्याच जातीच्या बायका तेवढ्या मी एकेक करून घरी पाठवल्या. एखाद्या पुरुषानं असं केलं असतं तर मी जेवणाच्या सुट्टीत त्याची सालटी काढली असती. आता कोणाची काढणार? वाईट वाटत होतं, शरम वाटत होती, आणि त्याच्याच खाली कुठेतरी हलकंही वाटत होतं, कारण अनुमोदक म्हणजे मी होते. पण तेही टिकेना. टिंबकाकांनी मला अनुमोदक म्हणून लिहिलं की अनुमोदक आला नाही म्हणून अनु. लिहिलं? एकाच टिंबात दोन्ही बायका बसत होत्या, बोललेली आणि न आलेली. आमच्या संघापुढे ‘द्वि.’ होतं. म्हणजे दुसरा क्रमांक की द्वितीय वर्ष? आणि अंतिम फेरीत संघच दोन, तेव्हा दुसरा क्रमांक म्हणजे हरलो, एवढंच.

आमची सूचक आता कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. वर्षातून एकदा वाढदिवसाला फोन, एवढंच नातं. मी बाहेर जिन्यात जाऊन तिला फोन लावला. ‘अगं बोल, पण लवकर, माझा पुकारा होईल,’ ती म्हणाली. मी विचारलं, आपल्या अंतिम फेरीला मी होते का?

‘म्हणजे काय? होतीस की.’ मग थांबली. ‘थांब हं. मी बोलले. मग विरोधातला तो सारखा घसा खाकरणारा. मग... मग निकाल लागला.’

‘मध्ये कोण बोललं?’

‘तूच बोलली असशील. नाहीतर मी एकटी कशी जिंकणार?’

‘आपण हरलो.’

‘हरलो?’ तिला खरंच धक्का बसला. ‘मी तर सगळीकडे जिंकलो म्हणून सांगते. पण ते जाऊ दे, तुझं ते वाक्य मला अजून पाठ आहे बाई. गप्प बसलेलं माणूस ‘हो’ म्हणालं, असं जो लिहितो त्याला विचारा, तू थांबला होतास किती वेळ? न्यायालयात वापरते मी ते. हमखास चालतं.’

विषय होता ‘मौन म्हणजे संमती नव्हे’, आणि ठराव आम्ही मांडला होता. वाक्य माझंच, आरशासमोर घडवलेलं. ‘ते तू माझ्या तोंडून ऐकलंस,’ मी विचारलं, ‘की माझ्या कागदावर वाचलंस?’

‘ते गं कसं आठवणार? वाक्य चांगलं होतं. ठेवते, पुकारा झाला.’

जिन्यात कोणीतरी सायकलींची शर्यत ठरवत होतं, दोन मुली पाठीवर वाद्यं घेऊन धापा टाकत वर गेल्या. मी कठड्याला धरून उभी राहिले. माझं वाक्य गेली कित्येक वर्षं कोर्टात हजर होतं आणि मी कुठे होते याचा पत्ता नव्हता. मला वाटलं, विसरण्यातही काही मर्यादा असते. माणूस चष्मा विसरतो, दूध विसरतो, फार तर लग्नाचा वाढदिवस विसरतो. आपण चारशे लोकांपुढे बोललो की नाही, हे कोणी विसरतं का? आणि बोलले असेन तर ते विसरावंसं मला का वाटलं असेल? पुढच्या वर्षी मी नाव दिलं नाही, हे मात्र पक्कं आठवतं. सूचना फलकासमोरून मी मान खाली घालून जायची, काहीतरी फजिती झाल्यासारखी. फजिती कोणती ते आठवत नाही, मान खाली घातलेली आठवते.

मी लेकीला फोन लावला. मागे ‘हॅलो, हॅलो, एक, दोन’ चाललं होतं. ‘आई, आत्ता नको ना, माइक तपासतायत.’

‘तुझं पहिलं वाक्य काढून टाक.’

‘कोणतं?’

‘माझं. व्यासपीठाचं.’ आणि मीच पुढे म्हटलं, ‘मी बोलले होते की नाही, मला खात्री नाही. रजिस्टरात नीट कळत नाही.’

‘काय गं आई! रजिस्टर कशाला हवंय? मामा होता ना तिथे.’

‘कोण मामा?’

‘मला मामा आहेत किती? मागच्या रविवारी त्याला भाषण वाचून दाखवलं, तर म्हणाला, हो, बोलली होती, मी दाराबाहेरून ऐकलं, शेवटपर्यंत. मला वाटलं तुला माहीत आहे.’ मग आवाज खाली आणून ती म्हणाली, ‘आई, तू बरी आहेस ना? मी ते वाक्य ठेवू?’

‘पाच मिनिटांनी सांगते,’ मी म्हटलं. मला खरं म्हणजे आनंद व्हायला हवा होता. साक्षीदार मिळाला होता, तोही घरातला. पण मी तिथेच पायरीवर बसले. दाराबाहेर. शेवटपर्यंत. दादाची पाठ, तेलाचा वास, मांडीवर पिशवी. आणि आता खाली जमीन नव्हती, सायकलचं कॅरिअर होतं, मागे जाणारा रस्ता होता. इतकी वर्षं मी घरात बसले होते ती बहुधा घरात बसलेच नव्हते, घरी चालले होते. की हेही मी आत्ता, या पायरीवर बसून रचते आहे? मला माझाच भरवसा उरला नव्हता. त्या रस्त्यावर दादा अवाक्षर बोलला नाही, एवढं मात्र कुठल्याही बाजूनं पाहिलं तरी खरं होतं.

दादाचं चष्म्याचं दुकान आहे. फोन घेतला तेव्हा तो कोणाचे तरी डोळे तपासत होता. ‘वरची ओळ वाचा,’ तो तिकडे म्हणाला, आणि इकडे, ‘बोल गं. आत्ता कसा काय केलास? सगळं ठीक?’

‘दादा, मी त्या दिवशी सभागृहात बोलले होते?’

‘कोणत्या दिवशी?’ कोणत्या ते त्याला कळलं होतं. त्याचा आवाज लगेच खाली आला.

‘तू होतास?’

‘न्यायला आलो होतो. सात वाजून गेले होते. दारात आलो तर तू उभी होतीस तिथे.’

‘मग?’

‘मग काय. मध्येच खाली उतर म्हणून ओरडू? थांबलो.’ पलीकडे कोणी म्हाताऱ्या बाई चाचपडत अक्षरं वाचत होत्या. ‘घाई नाही आजी, आरामात वाचा,’ तो त्यांना म्हणाला.

‘कशी बोलले मी?’

काचांची पेटी मिटल्याचा आवाज आला. ‘चांगली बोललीस,’ तो म्हणाला. ‘फारच चांगली बोललीस. माझ्या शेजारी दारात एक शिपाई उभा होता, तो मला म्हणाला, कोणाची कोण आहे पोर? मी म्हटलं, माझी बहीण.’

मला एकदम रडू आलं आणि त्याच क्षणी त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आता पंचावन्न वर्षांचा झाला असला, केस गेले असले तरी. शिपायाला सांगितलं. भाचीला सांगितलं. ‘येताना मला काही बोलला का नाहीस?’ मी विचारलं. ‘मला वाटलं माझी फजिती झाली. तू इतका गप्प, मला वाटलं मी काहीतरी घाण करून ठेवलंय. मी परत कधी नाव दिलं नाही दादा.’

‘चढ होता,’ तो म्हणाला. ‘डबलसीट चढावर दम लागतो.’

‘सव्वीस वर्षं चढ होता?’

तो हसला नाही. त्यानं त्या आजींना दोन मिनिटं बसायला सांगितलं, दुकानाच्या बाहेर आला असावा, कारण मागून रस्त्याचा आवाज यायला लागला.

‘सांगितलं असतं,’ तो म्हणाला, ‘तर तू परत गेली असतीस.’

मी फोन ठेवला. लेकीला लिहिलं, वाक्य ठेव. मग तोंड धुतलं आणि आत येऊन खुर्चीवर बसले. माझ्यापुढची फुली खोडरबरानं खोडली. तीनदा घासलं आणि गेली. वरच्या चाळीस तशाच होत्या, आणि त्यांच्या दारात कोण उभं होतं, कोण गप्प राहिलं, कोण आलंच नाही, हे सांगायला त्या चाळीस जणींच्या दादांचे फोन नंबर माझ्याकडे नव्हते. मी पहिल्या नावावर पट्टी ठेवली. या खेपेला आधी नाव वाचलं, मोठ्यानं, पूर्ण. सावकाशराव वळून पाहू लागले. पाच वाजून गेले होते. साहेबांनी आतल्या खोलीतून विचारलं, ‘झालं का बाई? आकडा द्या, म्हणजे मी सही करून निघतो.’

‘नाही,’ मी म्हटलं, आणि ते पार आतपर्यंत ऐकू गेलं.